व्हेन, व्हेअर, दॅट: ॲडजेक्टिव्ह क्लॉज की ॲडव्हर्ब क्लॉज, ओळखायचं कसं?

बर्डी_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. संयुक्त परीक्षेची तयारी करतेय, नागपुरात सीताबर्डीच्या एका अभ्यासिकेत बसते. इंग्रजी व्याकरणात ‘क्लॉजचा (म्हणजे उपवाक्याचा) प्रकार ओळखा’ हा प्रश्न आला की आमच्या अख्ख्या टेबलावर वाद सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत मिटत नाही. क्लासमध्ये एक यादी पाठ करून घेतली होती. हू, हूम, हूज, विच, दॅट दिसलं की ॲडजेक्टिव्ह क्लॉज. व्हेन, व्हेअर, बिकॉज, इफ, ऑलदो दिसलं की ॲडव्हर्ब क्लॉज. आता एका सराव संचातली ही तीन वाक्यं बघा:

१. ‘व्हेन द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट फॉर रामटेक.’
२. ‘आय रिमेंबर द डे व्हेन वी वेन्ट टु रामटेक.’
३. ‘आय डोन्ट नो व्हेन द बस टु रामटेक लीव्ह्ज.’

यादीप्रमाणे तिन्ही ॲडव्हर्ब क्लॉज व्हायला पाहिजेत. उत्तरतालिकेत मात्र पहिलं ॲडव्हर्ब, दुसरं ॲडजेक्टिव्ह, तिसरं नाउन क्लॉज दिलंय. उत्तरं बरोबर असतील असं वाटतंय, पण का ते कुठंच लिहिलेलं नाही. कोणी नीट समजावून सांगेल का?

ऑरेंजसिटी

आमच्याकडेपण हीच यादी. मी तर व्हेन दिसलं की डोळे मिटून ॲडव्हर्बवर टिक करतो. धागा वाचतोय.

मृद्गंध

मी धरमपेठेत अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. जरा सविस्तर लिहिते.

पहिलं काम म्हणजे ती यादी वहीतून काढून टाक. क्लॉजचा प्रकार त्याच्या पहिल्या शब्दावरून ठरत नाही. वाक्यात तो काय काम करतोय यावरून ठरतो. एकच ‘व्हेन’ तीन वेगवेगळी कामं करू शकतो आणि तुझ्या तीन वाक्यांत नेमकं तेच झालंय.

करून बघ. प्रत्येक वाक्यातून ‘व्हेन’चा भाग उचलून बाजूला ठेव आणि मागे काय उरलं, काय हरवलं ते पाहा.

पहिल्यात उरतं ‘वी लेफ्ट फॉर रामटेक’. वाक्य धडधाकट आहे. हरवलं काय? निघालो कधी, ते. म्हणजे तो भाग ‘लेफ्ट’ या क्रियापदाबद्दल सांगत होता. क्रियापदाबद्दल सांगतो तो ॲडव्हर्ब क्लॉज.

दुसऱ्यात उरतं ‘आय रिमेंबर द डे’. वाक्य आहे, पण ऐकणारा लगेच विचारेल, कोणता दिवस? हरवली ती त्या दिवसाची ओळख. आठवण्याची क्रिया कधी झाली हे ‘व्हेन’चा भाग सांगतच नव्हता. आठवण तर आत्ता येतेय, रामटेकला जाणं मागेच होऊन गेलं. ‘डे’ हे नाम आहे आणि नामाबद्दल सांगतो तो ॲडजेक्टिव्ह क्लॉज.

तिसऱ्यात उरतं ‘आय डोन्ट नो’. काय माहीत नाही? तेच गायब. ‘नो’चं कर्मच तो क्लॉज होता. कर्माच्या जागी नाम बसतं, म्हणून नाउन क्लॉज.

म्हणजे विचारायचे प्रश्न तीन. ‘कोणता?’ला उत्तर मिळालं तर ॲडजेक्टिव्ह. ‘केव्हा, कुठे, का, कसं, कोणत्या अटीवर, कशाला न जुमानता’ यांपैकी कशाला उत्तर मिळालं तर ॲडव्हर्ब. ‘काय?’ला उत्तर मिळालं तर नाउन.

खात्री करून घ्यायला आणखी एक उपाय. ॲडजेक्टिव्ह क्लॉजमधल्या ‘व्हेन’च्या जागी ‘ऑन विच’ किंवा ‘इन विच’ बसतं: ‘द डे ऑन विच वी वेन्ट टु रामटेक’. पहिल्या वाक्यात ते घालून बघ, ‘ऑन विच द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट’, काही अर्थच लागत नाही. ‘विच’ला मागे धरायला नाम लागतं आणि तिथे ते नाहीच.

आपल्या गावचीच एक जोडी देते, पाठ करायची तर ही करा:

‘१९५६ वॉज द इयर व्हेन बाबासाहेब एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन नागपूर.’
‘व्हेन बाबासाहेब एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन नागपूर, लाखो फॉलोअर्स वेअर विथ हिम.’ (‘लाखो’ मुद्दाम मराठी ठेवलंय, परीक्षेत नका लिहू.)

‘व्हेन’पासून ‘नागपूर’पर्यंतचे शब्द दोन्हीकडे तेच, एक अक्षरही बदललेलं नाही. पहिल्यात मागे ‘द इयर’ आहे आणि क्लॉज त्या वर्षाची ओळख करून देतो, म्हणून ॲडजेक्टिव्ह. दुसऱ्यात अनुयायी सोबत होते ते केव्हा, हे सांगतो, म्हणून ॲडव्हर्ब.

बर्डी_अभ्यासिका

मॅडम, ही जोडी आमच्या टेबलाच्या भिंतीवर चिकटवलीये. एक शंका. ‘द बॉय स्टँडिंग निअर द गेट इज माय कझिन’ यात ‘स्टँडिंग निअर द गेट’ कोणत्या मुलाबद्दल ते सांगतं. मग हा ॲडजेक्टिव्ह क्लॉज का नाही?

मृद्गंध

काम विशेषणाचंच आहे, पण तो क्लॉज नाही, फ्रेज आहे. क्लॉजला स्वतःचा कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद लागतं. नुसत्या ‘स्टँडिंग’ला काळ नाही. ‘हू इज स्टँडिंग’ केलंस की क्लॉज झाला. म्हणून वाक्य हातात आलं की सगळ्यात आधी काळ दाखवणारी क्रियापदं पेन्सिलीनं गोल कर. जितके गोल तितके क्लॉज.

वऱ्हाडी_मास्तर

मृद्गंध मॅडमनं उत्तम सांगितलं. मी निवृत्त शिक्षक, जन्मभर मराठी शिकवली, इंग्रजी नाही. तरी या धाग्यात बोलावंसं वाटून राहिलं, कारण ही गोष्ट आपल्या मराठी पोरांना इंग्रज पोरांपेक्षा सोपी गेली पाहिजे. जाते उलटी, कारण आपण मराठी व्याकरण दहावीनंतर सोडून देतो.

पाय बेटा. इंग्रजीत तिन्हीकडे ‘व्हेन’. मराठीत म्हणून बघ:

‘जेव्हा पाऊस थांबला तेव्हा आम्ही रामटेकला निघालो.’
‘ज्या दिवशी आम्ही रामटेकला गेलो तो दिवस मला आठवतो.’
‘रामटेकची बस केव्हा सुटते ते मला माहीत नाही.’

तीन वाक्यं, तीन वेगळे सांधे. मराठी गौण वाक्य, म्हणजे तुमचा क्लॉज, आपला प्रकार अंगावर घेऊनच फिरतं. ‘जेव्हा-तेव्हा’ ही अव्ययांची जोडी आहे, ती क्रियापदाकडे जाते. ‘ज्या दिवशी... तो दिवस’ यात सर्वनामी विशेषण नामासकट आलं, म्हणजे विशेषणवाक्य. आणि तिसऱ्यात ज नाहीच, क आला, ‘केव्हा’. प्रश्नार्थक क पोटात घेऊन गौण वाक्य आलं की ते नामवाक्य समजावं. ‘तो कुठे राहतो ते विचार’, ‘तिनं काय केलं ते सांग’, ‘गाडी का थांबली ते कळलं नाही’, सगळी नामवाक्यं.

इंग्रजीच्या ‘व्हेन’मध्ये आपला ‘जेव्हा’ पण आहे आणि ‘केव्हा’ पण आहे. ‘व्हेअर’मध्ये ‘जिथे’ आणि ‘कुठे’ दोन्ही. तेच घोटाळ्याचं मूळ. आपल्याकडे ते आधीच वेगळे करून ठेवलेत, तर वापरायचे नाहीत कायले?

ऑरेंजसिटी

मास्तर, हे कोणत्याच क्लासमध्ये सांगितलं नाही आम्हाला. क म्हणजे नाउन क्लॉज! बसमध्ये बसल्या बसल्या दहा-बारा वाक्यं करून पाहिली, सगळी बसली.

कळमेश्वरकर

मास्तर, एक अडतंय. ‘दिस इज द शॉप व्हेअर आय बाय माय बुक्स.’ याचं मराठी मी करतो, ‘जिथं मी पुस्तकं घेतो ते हे दुकान.’ इथं ‘जिथं’ आलं, म्हणजे अव्यय. मग हा ॲडव्हर्ब क्लॉज म्हणायचा का? पुस्तकात तर ॲडजेक्टिव्ह दिलाय.

वऱ्हाडी_मास्तर

चांगला पकडलास. म्हणून नजर ज वर ठेवण्यापेक्षा त वर ठेव. गौण वाक्य ज नं सुरू होते, पण ते कोणाच्या दाराशी जाऊन थांबते हे मुख्य वाक्यातला त सांगते. तुझ्या वाक्यात ‘जिथं... ते दुकान’. त सोबत दुकान आलं, नाम आलं. विशेषणवाक्य. आता ‘सिट व्हेअर यू लाइक’ घे. ‘जिथं आवडेल तिथं बस.’ त चा ‘तिथं’ झाला, नाम नाही. क्रियाविशेषणवाक्य.

तो, ती, ते, त्या आणि पुढे नाम, तर विशेषणवाक्य. तेव्हा, तिथे, तसं, तर, तरी, तोवर, असं काही, तर क्रियाविशेषणवाक्य. ‘जर-तर’ अट दाखवते, ‘जरी-तरी’ विरोध दाखवते, ‘जसं-तसं’ रीत दाखवते. इंग्रजीचं ‘इफ’, ‘ऑलदो’, ‘ॲज’ हेच.

प्रतापनगरची_आई

धागा फार आवडला, पण मला एक अडचण मांडायचीय. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात, घरी आम्ही मराठीच बोलतो. तिला ‘जो-तो’ करून सांगायला गेले तर म्हणाली, आई, असं कोण बोलतं? आणि खरंच आहे. ‘जे पुस्तक मी बर्डीवरून आणलं ते पुस्तक हरवलं’ असं आपण कुठे म्हणतो? ‘बर्डीवरून आणलेलं पुस्तक हरवलं’ म्हणतो. ‘जेव्हा पाऊस थांबला तेव्हा’ कुठे म्हणतो? ‘पाऊस थांबल्यावर निघालो’ म्हणतो. मुलांच्या तोंडात नसलेली वाक्यरचना परीक्षेत त्यांना सुचणार कशी? शिवाय प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसलं तर वेळ पुरायचा नाही.

मृद्गंध

ताई, तुम्ही अडचण म्हणून जे लिहिलंत तीच मला या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. ‘आणलेलं’ आणि ‘थांबल्यावर’ हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा.

आपण बोलताना गौण वाक्य मोडून त्याचं एका शब्दात रूपांतर करतो. त्या शब्दाच्या शेपटीवर प्रकार लिहिलेला असतो. शेपूट ‘-लेला, -लेली, -लेलं’ किंवा ‘-णारा, -णारी, -णारं’ असेल तर त्याला पुढे नाम लागतं आणि ते नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. आणलेलं पुस्तक, आणलेली वही, आणलेले पेन. हे विशेषणाचं लक्षण. म्हणजे इंग्रजीत तिथे ॲडजेक्टिव्ह क्लॉज.

शेपूट ‘-ल्यावर, -ताना, -ताच, -ल्यामुळे, -ण्याआधी, -ईपर्यंत, -ण्यासाठी, -ल्यास’ असेल तर ते कशाहीप्रमाणे बदलत नाही. पाऊस थांबल्यावर मी निघालो, ती निघाली, आम्ही निघालो, ‘थांबल्यावर’ आहे तिथेच. इंग्रजीत तिथे ॲडव्हर्ब क्लॉज.

तुमच्या मुलीला हे सांगा. ‘द बुक दॅट आय बॉट इन बर्डी’, आणलेलं. ‘द गर्ल हू सिंग्ज’, गाणारी. ‘बिकॉज इट वॉज हॉट’, गरम होत असल्यामुळे. ‘व्हाइल आय वॉज क्रॉसिंग द रोड’, रस्ता ओलांडताना. ‘अंटिल द कूलर स्टार्टेड’, कूलर सुरू होईपर्यंत. तिला पूर्ण वाक्याचं भाषांतर करावं लागणार नाही, फक्त क्लॉजमधल्या क्रियापदाचं शेपूट तोंडात येऊ द्यायचं. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना ते विचार न करता येतं.

वेळेचं म्हणाल तर सवय झाल्यावर हे यादी आठवण्यापेक्षा लवकर होतं, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

प्रतापनगरची_आई

आत्ता तिला हेच विचारलं. ‘द ट्रेन वी मिस्ड वॉज द विदर्भ एक्सप्रेस’. ‘चुकलेली गाडी’ म्हणाली आणि लगेच ॲडजेक्टिव्ह म्हणाली! पण यात ‘दॅट’, ‘विच’ काहीच नाहीये, मग क्लॉज कुठून सुरू होतो?

मृद्गंध

शाब्बास तिला. ‘वी मिस्ड’ हा क्लॉज. तिथे ‘दॅट’ गाळलंय. संबंधी सर्वनाम क्लॉजमधलं कर्म असेल तर इंग्रजीत ते सर्रास गाळतात. कर्ता असेल तर नाही गाळत: ‘द ट्रेन दॅट लेफ्ट अर्ली’ यातलं ‘दॅट’ काढलं की वाक्य मोडतं. नाम आणि लगेच दुसरा कर्ता, ‘द ट्रेन वी’, ‘द मॅन शी’, ‘द सावजी भाजी ही’, असे दोन नामासारखे शब्द मध्ये काही नसताना चिकटलेले दिसले की मध्ये ‘दॅट’ घालून बघायचं. यादीवाल्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण शोधायला शब्दच नसतो.

कळमेश्वरकर

आता ‘दॅट’चं बोला. मला व्हेनपेक्षा त्याचाच त्रास.

मृद्गंध

‘दॅट’ तिन्ही घरी जातं. तीन वाक्यं:

‘द न्यूज दॅट यू गेव्ह मी वॉज फॉल्स.’
‘द न्यूज दॅट द एक्झाम वॉज पोस्टपोन्ड वॉज फॉल्स.’
‘द न्यूज वॉज सो बॅड दॅट नोबडी स्पोक.’

तिसरं सोपं. मागे ‘सो’ आहे, इतकी वाईट की कोणी बोललं नाही. परिणाम सांगतो, ॲडव्हर्ब क्लॉज. ‘सो... दॅट’, ‘सच... दॅट’ दिसलं की थांबून हे तपासायचंच.

पहिल्या दोनांत दम आहे. दोन्हीकडे मागे ‘द न्यूज’, दोन्हीकडे ‘कोणती बातमी?’ला उत्तर मिळतं. तरी पहिला ॲडजेक्टिव्ह आणि दुसरा नाउन क्लॉज. फरक असा: पहिल्यात ‘दॅट’ हे बातमीच्या जागी उभं आहे. ‘यू गेव्ह मी’ याला कर्म हवंय, काय दिलं? बातमी. तिथे ‘विच’ चालतं: ‘द न्यूज विच यू गेव्ह मी’. दुसऱ्यात ‘द एक्झाम वॉज पोस्टपोन्ड’ हे स्वतःच पुरं वाक्य आहे, त्यात कुठेही बातमीला बसायला जागा नाही. ‘विच’ घालून बघा, चालत नाही. तो क्लॉज म्हणजेच ती बातमी. बातमीत काय होतं ते तो सांगतो, म्हणून नामाच्या बरोबरीचा नाउन क्लॉज.

मास्तरांच्या पद्धतीनं: ‘तू दिलेली बातमी’ होतं, पण दुसऱ्याचं ‘पुढे ढकललेली बातमी’ केलं तर बातमीच पुढे ढकलली गेली असा भलताच अर्थ होतो. तिथे आपण म्हणतो ‘परीक्षा पुढे ढकलली ही बातमी’ किंवा ‘ढकलल्याची बातमी’. ‘ही’ किंवा ‘-ल्याची’ आलं की नाउन क्लॉज. फॅक्ट, न्यूज, आयडिया, होप, रूमर या नामांच्या नंतर हा प्रकार वारंवार येतो.

वऱ्हाडी_मास्तर

‘-ल्याची बातमी’ आणि ‘-लेली बातमी’. वा मॅडम. हा फरक मी मराठीच्या तासाला कधी इतका उघडून सांगितला नव्हता.

ऑरेंजसिटी

मला एका व्हिडिओत सोपी युक्ती सापडली. क्लॉज उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेता आला तर ॲडव्हर्ब, नाही नेता आला तर ॲडजेक्टिव्ह. ‘वी लेफ्ट व्हेन द रेन स्टॉप्ड’चं ‘व्हेन द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट’ होतं. ‘व्हेन वी वेन्ट टु रामटेक, आय रिमेंबर द डे’ होत नाही. एवढं पुरे नाही का?

मृद्गंध

युक्ती चांगली आहे पण एकाच बाजूनं चालते. अर्थ न बदलता पुढे नेता आला तर तो बहुधा ॲडव्हर्ब क्लॉज असतो, इथवर ठीक. पुढे नेता आला नाही म्हणून ॲडजेक्टिव्ह, हे मात्र चूक. ‘नोबडी स्पोक’वालं वाक्य घे, ‘दॅट नोबडी स्पोक’ पुढे नेऊन बघ. ‘नागपूर इज हॉटर दॅन पुणे इज’ यातला ‘दॅन पुणे इज’ पुढे नेऊन बघ. दोन्ही पक्के ॲडव्हर्ब क्लॉज, दोन्ही जागचे हलत नाहीत. परिणाम आणि तुलना सांगणारे क्लॉज मागेच राहतात.

उलट ॲडजेक्टिव्ह क्लॉज नेहमी नामाला चिकटूनच असतो असंही नाही. ‘अ मॅन केम टु द शॉप यस्टरडे हू स्पोक ओन्ली तेलुगू.’ ‘हू’च्या अगदी मागे ‘यस्टरडे’ आहे, पण तेलुगू बोलणारा काल नव्हे, माणूस. वाक्याचं शेपूट जड होऊ नये म्हणून क्लॉज नामापासून लांब नेऊन ठेवलाय. म्हणून जागेवर फार विसंबू नये. काम काय, हाच प्रश्न शेवटी विचारावा लागतो.

बर्डी_अभ्यासिका

आणि स्वल्पविराम? आमच्यातल्या एकाचं म्हणणं, स्वल्पविराम असला की ॲडव्हर्ब.

मृद्गंध

नाही. ‘द युनिव्हर्सिटी, विच वॉज फाउंडेड इन १९२३, इज इन नागपूर.’ दोन स्वल्पविराम, तरी ॲडजेक्टिव्ह. ‘नागपूर, व्हेअर द विंटर सेशन इज हेल्ड, गेट्स क्राउडेड इन डिसेंबर.’ हाही ॲडजेक्टिव्ह. नागपूर एकच आहे, ‘कोणतं नागपूर?’ असा प्रश्न येत नाही. क्लॉज फक्त जादा माहिती देतो, म्हणून तो स्वल्पविरामात ठेवतात. स्वल्पविरामानं ओळख पटवणारा आणि जादा माहिती देणारा, हे ॲडजेक्टिव्ह क्लॉजचे दोन उपप्रकार वेगळे होतात. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन वर्धा’ म्हटलं तर भाऊ अनेक, त्यांतला वर्ध्याचा. ‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन वर्धा,’ म्हटलं तर भाऊ एकच, आणि तो वर्ध्याला असतो. ॲडव्हर्ब क्लॉज सुरुवातीला आला की त्याच्यानंतर स्वल्पविराम देतात, ती वेगळी सोय आहे.

कळमेश्वरकर

‘ही पास्ड इन द फर्स्ट अटेम्प्ट, विच सरप्राइज्ड एव्हरीवन.’ इथं विच कोणत्या नामाबद्दल? अटेम्प्टनं तर कोणी चकित झालं नाही.

मृद्गंध

अगदी बरोबर, ते ‘विच’ मागच्या सगळ्या वाक्याबद्दल आहे. पहिल्याच प्रयत्नात पास होणं, या घटनेनं लोक चकित झाले. जुनं व्याकरण अशा ‘विच’ला ‘अँड धिस’ मानून तो भाग मुख्य वाक्याच्या बरोबरीचा धरायचं. आजचे व्याकरणकार त्याला संपूर्ण वाक्याला जोडलेला रिलेटिव्ह क्लॉज म्हणतात. ॲडव्हर्ब क्लॉज मात्र कोणीच म्हणत नाही.

तसंच ‘आय ॲम ग्लॅड दॅट यू केम’. हे वादग्रस्त आहे, आणि ते मुलांना स्पष्ट सांगावं असं माझं मत आहे. जुन्या पद्धतीच्या पुस्तकांत तो कारण सांगणारा ॲडव्हर्ब क्लॉज. आनंद का झाला? तू आलास म्हणून. नव्या व्याकरणात तो ‘ग्लॅड’ या विशेषणाला पुरा करणारा नाउन क्लॉजसारखा धरतात. तुमच्या परीक्षेची आधीची उत्तरतालिका कोणती रीत पाळते ते बघून लिहा. ॲडजेक्टिव्ह क्लॉज लिहू नका, एवढं नक्की. तो ‘ग्लॅड’ला जोडलेला आहे, आणि विशेषणाला विशेषण लागत नाही.

अभ्यासिकेतल्या मंडळींसाठी काही वाक्यं देते. शब्द बघून नाही, काम बघून सोडवा:

क. ‘मे इज द मंथ व्हेन कूलर्स रन डे अँड नाइट.’
ख. ‘कॉल मी व्हेन यू रीच अजनी.’
ग. ‘आस्क हिम व्हेअर ही पार्क्ड द स्कूटर.’
घ. ‘पुट द की बॅक व्हेअर यू फाउंड इट.’
च. ‘द रीझन व्हाय द मेट्रो स्टॉप्ड वॉज नॉट अनाउन्स्ड.’
छ. ‘द होप दॅट द हीट वुड एंड सून केप्ट अस गोइंग.’
ज. ‘द मोमेंट ही सॉ द बुल, ही रॅन.’

बर्डी_अभ्यासिका

टेबलावर सगळ्यांनी मिळून सोडवलं.

क. कूलर चालतात तो महिना. त सोबत महिना, ॲडजेक्टिव्ह.
ख. पोचल्यावर फोन कर. ॲडव्हर्ब.
ग. स्कूटर कुठे लावली ते विचार. क आला, नाउन.
घ. जिथे सापडली तिथे ठेव. ‘तिथे’ आलं, ॲडव्हर्ब. ग आणि घ दोन्हीत क्रियापदामागून ‘व्हेअर’ येतं म्हणून जरा भांडण झालं, पण ‘कुठे’ आणि ‘जिथे’नं मिटलं.
च. मेट्रो थांबल्याचं कारण. इथं ‘-ल्याचं’ आलं, म्हणून निम्मे जण नाउन म्हणाले. मग ‘फॉर विच’ घालून पाहिलं, ‘द रीझन फॉर विच द मेट्रो स्टॉप्ड’, ते बसलं. ज्या कारणानं थांबली ते कारण. ॲडजेक्टिव्ह.
छ. उन्हाळा लवकर संपेल ही आशा. ‘ही’ आलं, विच बसत नाही, नाउन.

शेवटच्या, ‘ज’ क्रमांकाच्या वाक्यावर गाडी अडली. ‘ज्या क्षणी त्यानं बैल पाहिला त्या क्षणी तो पळाला.’ त सोबत क्षण आहे, नाम आहे. मास्तरांच्या नियमानं ॲडजेक्टिव्ह. पण प्रश्न विचारला तर उत्तर ‘केव्हा पळाला?’चं मिळतं, म्हणजे ॲडव्हर्ब. पुस्तकात ॲडव्हर्ब दिलाय.

वऱ्हाडी_मास्तर

‘त्या क्षणी’ला ‘तो क्षण’ समजू नको बेटा. ‘तो दिवस मला आठवतो’ यात दिवस हे कर्म आहे, वाक्यात नाम म्हणून उभं आहे. ‘त्या क्षणी’ला सप्तमीचा प्रत्यय लागलाय आणि ते सगळंच पद ‘केव्हा’चं उत्तर देऊन राहिलंय. नियमात माझ्याकडून ही अट घाला: त सोबतचं नाम मुख्य वाक्यात कोणत्या कामाला लागलंय तेही पाहायचं.

मृद्गंध

मास्तरांनी सांगितलं तेच इंग्रजीत असं दिसतं. ‘द मोमेंट’ इथे नाम राहिलेलं नाही, ते ‘ॲज सून ॲज’चं काम करतंय. बदलून बघा: ‘ॲज सून ॲज ही सॉ द बुल, ही रॅन.’ अर्थ तोच. म्हणून ‘द मोमेंट ही सॉ द बुल’ एवढा सगळा भाग मिळून ॲडव्हर्ब क्लॉज धरतात. ‘द डे आय गॉट द जॉब, आय कॉल्ड माय मदर’ हेही याच रांगेतलं. प्रश्नात ‘द मोमेंट’ सोडून फक्त ‘ही सॉ द बुल’ अधोरेखित केलं असेल तर गोष्ट वेगळी, तेवढा तुकडा क्षणाचं वर्णन करतो आणि ॲडजेक्टिव्ह ठरतो. म्हणून अधोरेखा कुठून सुरू होते ते नीट बघा.

आणि प्रतापनगरच्या ताईंच्या मुलीला विचारलं असतं तर ती ‘ज्या क्षणी’ म्हणालीच नसती. बैल पाहताच पळाला. ‘-ताच’, लिंग-वचनानं न बदलणारं शेपूट.

प्रतापनगरची_आई

विचारलं. ‘बैल दिसल्याबरोबर’ म्हणाली.

मृद्गंध

तेही चालेल. ॲडव्हर्बच.